गायकाचे तुषार आणि माझा डावा खांदा

आर्तत्राण सामलांचं गाणं लोकांनी कानांनी ऐकलं. मी तीस वर्षं ते डाव्या खांद्यानं ऐकलं.

आमच्याकडच्या पाल्यात, म्हणजे उभ्यानं गायच्या आख्यानात, गायक मधोमध उभा राहतो. एका हातात चामर, दुसऱ्यात लहानशी झांज. मागे झीलकरी, आणि उजव्या अंगाला दीड-दोन हातांवर मृदंगवाला. तो मी, दैतारी. एरवी बाजारात शिलाईचं मशीन चालवतो. गायक ओळ गातो, मग ती सोलून तिच्यातला अर्थ काढतो, आणि अर्थ हाती लागला की मृदंगवाल्याकडे मान वळवून गरजतो, “काय रे भाई, खोटं बोलतोय का?” मृदंगवाल्यानं थाप मारून म्हणायचं, “छे छे, खरं, अगदी खरं!” एका आख्यानात हे शंभरदा तरी होतं. आणि आर्तभाईंच्या गालात तर सकाळी दात घासल्यापासून पान असायचं.

म्हणून माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर काताच्या रंगाची बारीक नक्षी होती. बायको सदरा धुवायला घेतला की डाग बघूनच सांगायची, “काल लंका जाळली वाटतं.” नाहीतर, “काल सीता रडली ना? थोडंच उडालंय.” कधी चुकली नाही.

त्या साली मार्गशीर्ष लागायच्या सुमाराला भाईंना नात झाली. दीड महिना आधीच झाली. आजाराची दुसरी लाट ओसरली होती, लोकांच्या तोंडावरची फडकी हळूहळू हनुवटीवर उतरली होती, आणि ही पोर कटकच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली झोपली होती. बाराव्या दिवशी घरी आली तेव्हा भाईंनी उंबऱ्याबाहेरूनच पद जुळवलं:

आली न सांगता पाहुणी, दारी वाजवली नाही कडी,
मूठभर चांदणं गं बाई, उजळली सारी वाडी.

उंबऱ्याबाहेरून, कारण आत जायची बंदी होती. बंदी घालणारी होती त्यांची सून, स्मृतिरेखा. मुलगा ज्योती सुरतेला मागावर कामाला. सून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला, आणि तिचं काम काय, तर लोकांच्या थुंकीचे नमुने भिंगाखाली बघणं. आठ वर्षं तिनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. अशी सून आणि असा सासरा एका छपराखाली आणायला देवाला विनोदबुद्धीच लागते.

चौदाव्या दिवशी भाई माझ्या दुकानी आले. मी एका ब्लाउजला बाह्या जोडत होतो.

“दैतारी, मृदंगाला शाई लाव.”

“कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे. एकविसाव्या दिवसाला. चारशे घरांत पोराच्या एकविसाव्याला सत्यनारायणाचं आख्यान मी गायलो. सरपंचाच्या नातवाला गायलो, ज्याला नाव ठेवताना त्यानं माझं चामर ओलं केलं. आता माझीच नात आहे, माझी टुनी.”

“सूनबाईंना विचारलंत?”

भाई एकदम माझ्या कात्रीकडे बघायला लागले. “तू चल बरोबर,” ते म्हणाले. “साथ असली की आवाज लागतो.”

आम्ही गेलो. निशामणी भाऊज, म्हणजे भाईंची बायको, ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. स्मृतिरेखा दाराआड उभी राहिली. डोक्यावरचा पदर तसूभर ढळू न देता ती असं बोलायची की समोरच्याचं पागोटं ढळावं.

“बापा, गा की,” ती म्हणाली. “नदीच्या पलीकडून गा. तुमचा आवाज पलीकडून ऐकू येतो, सगळं गाव सांगतं.”

“आणि मांडवात कोण उभं राहील?”

“मांडवात तुमचा फोटो ठेवू.”

“फोटोत तरी गाल फुगलेला नको,” भाऊज सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

भाईंनी छाती पुढे काढली. “सूनबाई, माझ्या तोंडून सरस्वती येते.”

“येते, बापा. पण एकटी येत नाही.” ती माझ्याकडे वळली. “काका, जरा पाठ करा बघू.”

मी वळलो. माझा खांदा तिच्या पुढ्यात आला. परवाच्या कीर्तनाचा सदरा होता, बायकोनं दोनदा घासलेला.

“हे दिसतात ते पानानं रंगलेले,” ती म्हणाली. “न रंगलेले किती, आणि डोळ्यांना दिसतच नाहीत असे किती, ते मी रोज बघते. आपण नुसतं बोललो तरी उडतात, गायलो की जास्त, ओरडून गायलो की त्याहून जास्त. डॉक्टर म्हणालेत, काही दिवस तिच्या तोंडावर कुणाचा श्वास नको. तिची छाती अजून कच्च्या मडक्यासारखी आहे, बापा.”

भाई गप्प झाले. त्यांना मी दोनदाच गप्प झालेलं पाहिलं होतं, दोन्ही वेळा दाढ काढताना. शेवटी म्हणाले, “मास्क लावीन.”

“कुठला?”

“कुठला म्हणजे? मास्क तो मास्क.”

“मच्छरदाणीलाही भोकं असतात आणि मासे धरायच्या जाळ्यालाही. डास कुठल्यात अडकेल?”

“मग पारखून घे!” भाई गरजले. त्यांच्या अंगात वादीपाला शिरला होता, ज्यात दोन गायक समोरासमोर उभे राहून एकमेकांची अक्कल काढतात. “सोनार सोनं पारखतो तशी पारख. माझ्या तोंडाची पारख कर!”

अट ठरली. अंगणात भाऊजनी तांदळाच्या ओल्या पिठानं तीन आडव्या रेघा काढल्या, भाईंच्या उभं राहायच्या जागेपासून दोन, चार आणि सहा हातांवर. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या झोटीसाठी, म्हणजे पिठाच्या रांगोळीसाठी, पीठ वाटलेलंच होतं, त्यामुळे रेघेच्या टोकाला सवयीनं त्यांनी एकेक कमळही काढलं. चार हातांवरच्या रेघेवर बांबूला ज्योतीच्या लग्नातलं पांढरं धोतर बांधलं, खाली पाळण्याच्या उंचीपर्यंत सोडून. गालात पान ठेवून भाईंनी एक पूर्ण पद गायचं. धोतरावर एकही ठिपका आला नाही तर एकविसाव्याला गायचं. आला तर नदीपलीकडे.

“पद मी सांगणार,” सून म्हणाली. “कालियाच्या फण्यांचं.”

मी मनात म्हटलं, ही पोर हुशार आहे. त्या पदानं माझे तीन सदरे खाल्ले होते.

“आधी उघड्या तोंडानं गा,” ती म्हणाली. “किती येतं ते कळल्याशिवाय किती अडलं ते कसं कळणार?”

भाईंनी पान जिभेखालून गालात सरकवलं, चामर उचललं, आणि सुरू केलं:

फण्यावर फणा, फण्यावर पाय,
फुत्कार फोडी पाणी, फुफाटा होय!
पुढे पळे प्रलय, पाठी पळे पूर,
फोडिला फोडिला कालियाचा ऊर!

मी मृदंगावर थाप टाकली तेव्हा धोतराकडे बघायची हिंमत झाली नाही. सून पुढे झाली आणि पेन्सिलीनं एकेक ठिपक्याभोवती गोल काढत गेली. शहाण्णव.

“पळस फुलला गं,” भाऊज म्हणाल्या.

“पळसाला वर्षातून एकदा फुलायची अक्कल असते,” सून म्हणाली.

माझ्या खांद्यावरचे कुणी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाई गमछा बांधून आले, नाकावरून मानेपर्यंत, दरोडेखोरासारखे. गमछ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यानं त्यांना ऊन, पाऊस आणि एकदा चावऱ्या कुत्र्यापासून वाचवलं होतं. पद गायले. मोठे ठिपके खरंच गेले. मी “वा!” म्हणणार, तेवढ्यात भाईंनी अंगठ्यानं गमछा हनुवटीखाली ओढला, माझ्याकडे वळले आणि उघड्या तोंडानं म्हणाले, “आता हा फणा म्हणजे काय? तर फणा म्हणजे मनुष्याचा अहंकार! काय रे भाई, खोटं बोलतोय का?”

“बापा!” सून ओरडली.

“काय झालं?”

“तोंड उघडं टाकलंत!”

“अगं, गाणं संपलं. हे तर स्पष्टीकरण आहे.”

“स्पष्टीकरणाला थुंकी नसते?”

भाई खरोखरच बुचकळ्यात पडले. चाळीस वर्षांत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. गायकाची रीत अशी की पद सुरांचं आणि अर्थ लोकांचा. अर्थ सांगताना गायकाचा चेहरा दिसलाच पाहिजे, नाहीतर मांडवातली म्हातारी माणसं उठून जातात. “चेहऱ्याशिवाय अर्थ कसा पोचेल?” ते म्हणाले.

“माझ्या दवाखान्यातही हेच,” ती म्हणाली. “सगळे मास्क लावून मुकाट बसतात, आणि माझ्याशी बोलायचं झालं की तेवढ्यापुरता खाली ओढतात.”

धोतरावर स्पष्टीकरणाच्या आधीचेच तीस ठिपके होते. बारीक, मोहरीसारखे. गमछा सूर्याकडे धरला तर त्यातून समोरचं नारळाचं झाड मोजता येत होतं, झावळ्यांसकट.

तिसऱ्या दिवशी सुरतेहून पार्सल आलं. ज्योतीनं बापासाठी भारीतला मास्क पाठवला होता, पांढराशुभ्र, बदकाच्या चोचीसारखा, मधोमध प्लॅस्टिकची गोल झडप. फोनवर तो म्हणाला, “बापा, साहेब लोक हाच घालतात.” भाईंनी आरशात स्वतःला दोन्ही बाजूंनी पाहिलं. पद गायले. झडप दर फुत्काराला टक् टक् वाजत होती, जणू झीलकरी आत बसलाय.

धोतराचा वरचा भाग कोरा! भाई नाचायला लागले. सून वाकली आणि खालच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे हाताच्या पंजाएवढ्या जागेत चौदा ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते.

“आत येणारी हवा हा मास्क गाळून घेतो,” ती म्हणाली. “बाहेर जाणारी ही झडप तशीच सोडते. हा मास्क घालणाऱ्याची काळजी घेतो, समोरच्याची नाही.”

“सरपंचासारखा,” भाऊज म्हणाल्या.

मग दोन दिवस भाई दिसलेच नाहीत. मी चौकशीला गेलो तर भाऊज वैतागलेल्या. “काय झालंय कुणास ठाऊक. काल पखाळात, पाण्यातल्या भातात, मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मीठ होतं! आज गाईवर ओरडले. गाय माझ्याकडे बघते, मी गाईकडे बघते.”

तेवढ्यात भाई घरामागून आले, तोंडाला कुठलंसं पातळ निळं फडकं लावून. बाजारात दहाला एक मिळतं तसलं. “बांधा धोतर!” म्हणाले. आवाजात काहीतरी लपवल्यासारखं होतं, पण नेमकं काय ते कळेना. बांधलं. फण्यांचं पद गायले, सगळं, शेवटच्या “ऊर” पर्यंत. आणि धोतर लख्ख! वर, खाली, बाजूला, कुठेही काही नाही. मी मृदंग सोडून टाळ्या पिटल्या. भाई अंगणात गोल फिरले, चामर उडवलं, तुळशीवृंदावनाला नमस्कार केला.

स्मृतिरेखा धोतराजवळ गेली नाही. ती त्यांच्याजवळ आली, चार पावलं दूर थांबली आणि म्हणाली, “बापा, जीभ दाखवा.”

“आता माझी जीभ काय…”

“दाखवा.”

भाईंनी मास्क खाली केला आणि जीभ काढली. लहान पोरासारखी गुलाबी होती. तीस वर्षांत मी ती जीभ त्या रंगाची पाहिली नव्हती. मला उगीचच लाजल्यासारखं झालं, कुणाला आंघोळ करताना पाहावं तसं.

“पान खाल्लं नाहीत.”

“दोन दिवस,” भाई हळूच म्हणाले.

तिनं घरातून भाऊजच्या कुंकवाचा आरसा आणला आणि लांब काठीला बांधून त्यांच्या तोंडासमोर धरला. “त्याच फडक्यातून गा.” ते दोनच ओळी गायले. आरसा धुकट झाला, आणि उन्हात तिरपा धरला तर धुक्यात बारीक बारीक थेंब चमकत होते.

“चोर काळोखात आला म्हणून चोरी झाली नाही का?” ती म्हणाली. “पान चोर नव्हतं, बापा. पान साक्षीदार होतं. तुम्ही साक्षीदारालाच गावाबाहेर घालवलंत.”

ते बरोबर होतं, आणि लागलं. भाई ओसरीच्या पायरीवर बसले. म्हातारी माणसं बसतात तशी, आधी हात टेकून. “फसवायला नव्हतं सोडलं,” ते म्हणाले. “मला वाटलं, मळ पानाचाच आहे. पान सोडलं की मी स्वच्छ झालो.” मग म्हणाले, “सोळाव्या वर्षापासून खातोय. लग्नाआधी बापाच्या चितेजवळ उभा होतो तेव्हाही गालात होतं. तिच्यासाठी सोडलं, एवढं तरी बघ.”

आत टुनी कण्हल्यासारखं रडली. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. त्या आवाजाकडे सासऱ्याचे आणि सुनेचे, दोघांचेही कान एकाच वेळी वळले. मला ते दिसलं.

“बापा,” ती म्हणाली, आणि या वेळी आवाजाला धार नव्हती, “तुम्ही गायला नकोत असं मला कधी वाटलं? माझ्या लग्नात तुम्ही गायलात तेव्हा माझी आई रडून रडून आजारी पडली होती. मला फक्त ती मोठी व्हायला हवी आहे, तुमचं गाणं कंटाळा येईपर्यंत ऐकण्याइतकी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तुम्ही शिंपी आहात की नुसते मृदंगवाले?”

त्या दुपारी मी ब्लाउजं बाजूला सारली. तिनं सांगितलं तसं शिवलं. आत मऊ सुती कापड, धुवून धुवून विणीनं अंग धरलेलं. मधे त्या न विणलेल्या कापडाचा थर, ज्याच्या बाजारात पिशव्या मिळतात. बाहेर घट्ट विणीचं संबलपुरी, माझ्या बायकोच्या जुन्या साडीच्या पदराचं, शंख आणि मासे असलेलं. नाकावर बसायला मी कमरपट्ट्यातली पातळ तार काढून घातली. सूर्याकडे धरलं तर सूर्यच दिसत नव्हता. बायको म्हणाली, “माझ्या पदराआडून गाणार होय? बरं झालं, तीस वर्षांची धुलाई वसूल.”

एकोणिसाव्या दिवशी पारख झाली. गालात पान, अंगणात ऊन. धोतर कोरं! तिनं ते उलटसुलट पाहिलं, उजेडाला धरलं. कोरं. मी थाप टाकणार तेवढ्यात ती म्हणाली, “काका, खांदा.”

माझ्या खांद्यावर दोन ठिपके होते. ताजे.

“समोरून अडलं, बाजूनं निघालं,” ती म्हणाली. “नदीला पुढे बांध घातला की ती काठ शोधते.” आणि आम्ही सगळे एकदमच भाईंच्या गालांकडे बघायला लागलो.

भाईंना गलमिशा होत्या. ओठांवरून निघून गालांवरून कानापर्यंत गेलेल्या, पांढऱ्या, तेल लावलेल्या. पाल्यात ते राजा व्हायचे तेव्हा त्या गलमिशा आधी मांडवात शिरायच्या, मागून भाई. मास्कची कड नेमकी त्यांच्यावर बसत होती, आणि गवतावर ठेवलेल्या झाकणासारखी खालून फट राहत होती.

भाऊजनी सूप खाली ठेवलं.

“नाही,” भाई म्हणाले. “पान सोडायला सांग, गाव सोडायला सांग.” आणि उठून गेले.

विसाव्या दिवशी सकाळी गावात बोभाटा झाला की सामलांच्या घरी कुणीतरी गेलं. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की पुरुष दाढीमिशा काढतात, आणि आर्तत्राण सामल न्हाव्याच्या दगडावरून चेहरा गुळगुळीत करून उठताना दोघा-तिघांनी पाहिले होते. मी धावत गेलो तोवर अंगणात सात माणसं चेहरे पाडून बसली होती. शेजारचे वैद्यबुवा भाईंचा हात धरून म्हणत होते, “धीर धरा. कोण गेलं?”

“गलमिशा गेल्या,” भाऊज म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पदर तोंडात धरला आणि दारामागे गेल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि गालावरचा तीळ त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला होता. दारामागून हसण्याचा की रडण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मग शेवटची पारख झाली. समोर धोतर कोरं, माझा खांदा कोरा. वैद्यबुवांनी सातही सांत्वनकऱ्यांना ओळीनं उभं करून त्यांचेही खांदे तपासले. सूनबाई मात्र नाचली नाही. म्हणाली, “डाग नाही म्हणजे काहीच नाही, असं नसतं. खूप कमी झालं एवढंच. जे धुरासारखं बारीक असतं ते थोडं निसटतंच. म्हणून मोकळ्या अंगणात गायचं, सहा हातांवरून गायचं, एकच पद गायचं. मास्क ओला झाला की दुसरा घ्यायचा. आणि हळू गायचं.”

“हळू?” भाई म्हणाले. पान, गलमिशा, सगळं सोसून झालं होतं. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. “हळू कसं गातात?”

एकविसावा दिवस गुरुवारी आला. अंगणभर झोटी, लक्ष्मीची पावलं उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत, आणि त्यांच्यामधून भाऊजच्या त्या तीन रेघा, प्रत्येकीच्या टोकाला कमळ. शिरणीच्या प्रसादासाठी केळी कुस्करली जात होती. सहा हातांच्या रेघेपलीकडे ओसरीवर पाळणा, पाळण्यात टुनी, केवढीशी, भोपळ्याच्या फुलासारखी मिटलेली.

गायकाला मांडवात उभं राहण्याआधी यजमानाच्या घरून विडा मिळतो. विड्याशिवाय गायक तोंड उघडत नाही. भाई मान खाली घालून उभे होते. पान त्यांनी सकाळपासून घेतलं नव्हतं, मागायचा धीर होत नव्हता. स्मृतिरेखा घरातून आली, ताटलीत विडा घेऊन. तिनं स्वतः लावलेला, लवंग टोचलेला.

“घ्या, बापा. साक्षीदाराशिवाय गायचं नाही.”

भाईंनी विडा गालात ठेवला. मग माझ्या बायकोच्या पदराचे शंख-मासे नाकावर चढवले, तार दाबली. मी नवा सदरा घातला होता, पांढरा. मृदंगावर बोटांच्या टोकांनी वाजवायला घेतलं, पाऊस गवतावर पडावा तसं. सत्यनारायणाला एक नमनाची ओळ झाली, आणि भाईंनी आख्यान बाजूला ठेवलं. त्यांनी असं काही गायला घेतलं जे मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांच्या आईचं असावं.

नीज गं टुनी माझी, निजली नदीची वाळू,
वारा आला दारी, त्याला सांगितलं, हळू.
नीज गं टुनी माझी, निजलं गोठ्यात वासरू,
चांदणं आलं दारी, त्याचं सोडलं घुंगरू.

हा आवाज नदीपलीकडे जाणारा नव्हता. अंगणही त्यानं पुरतं ओलांडलं नसेल. पण शिरणी कुस्करणाऱ्या बायकांचे हात थांबले. सवयीनं भाईंनी मान वळवली, मास्कवरून डोळे माझ्याकडे आले, आणि अंगठा मास्कच्या कडेला गेला. सूनबाईचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. अंगठा तिथेच थांबला. मग खाली आला. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी विचारलं, काय रे भाई, खोटं बोलतोय का? आणि मीही नुसत्या डोळ्यांनी म्हटलं, खरं, अगदी खरं.

पाळण्यात टुनीनं नाक मुरडलं आणि ती शिंकली. एवढीशी, पण मोकळी, कुठलंही फडकं न लावता.

“हिचं पहिलं पद,” भाई मास्कमधून म्हणाले. “फण्यांचंच.”

स्मृतिरेखा माझ्याजवळ आली. माझा डावा खांदा उन्हात वळवून बघितला, शिवणीपाशी बोट फिरवलं. मग सासूला काहीतरी सांगितलं. भाऊज ओलं फडकं घेऊन खाली बसल्या आणि सहा हातांची रेघ पुसली, कमळ तेवढं ठेवून. दोघींनी पाळणा उचलला आणि चारच्या रेघेवर आणून ठेवला. दोनची रेघ तशीच राहिली.

“अजून एकदाच,” ती म्हणाली. “मास्क बदलून.”

मी घरी आलो तेव्हा बायको धुणं भिजवत होती. सदरा मागितला. मी दिला. तिनं खांदा बघितला, उलटा करून बघितला, उजवा खांदाही बघितला. नाकाशी धरला.

“भाई गायले नाहीत?”

“गायले की.”

“काहीतरीच,” ती म्हणाली. “दिसत तर काहीच नाही.” आणि कोरडा सदरा घडी करून तिनं परत खुंटीवर ठेवला.